प्लांटेड टँकमधील शेवाळ: खत बंद करावे, की दिवा कमी करावा?

पाणकणीस (धागाकर्ता), पुणे

सर्वांस नमस्कार. गोड्या पाण्यातील वनस्पतींच्या मत्स्यटाकीत (प्लांटेड टँकमध्ये) शेवाळ का वाढते आणि ते आटोक्यात कसे ठेवावे, याविषयी मराठीत सविस्तर चर्चा फारशी आढळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. उत्तरे नेमकी मिळावीत यासाठी आधी माझ्या टाकीची माहिती देतो.

टाकी तीन फूट लांबीची असून तिच्यात प्रत्यक्ष पाणी सुमारे १०० लिटर आहे. वर ५० वॅटचे दोन पांढरे एलईडी फ्लड लाईट आहेत आणि ते सकाळी दहा ते रात्री आठ चालू असतात. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून सोडतो. त्याचा सोलेनॉइड (वायू सुरू-बंद करणारी विजेची झडप) आणि दिवे एकाच टाईमरवर आहेत. फिल्टर बाहेर ठेवायचा कॅनिस्टर प्रकारचा आहे. तळाला बारीक काळी वाळू आहे. वनस्पतींमध्ये रोटाला, हायग्रोफिला, क्रिप्टोकोरिन, अनुबियास आणि जावा मॉस आहेत. मासे बेताचेच आहेत: निऑन टेट्रा आणि कोरीडोरस. आमच्या सोसायटीत महापालिकेचे आणि बोअरवेलचे पाणी एकाच टाकीत मिसळते आणि उन्हाळ्यात त्यात बोअरवेलचा वाटा वाढतो.

सुरुवातीला हायग्रोफिला जोमाने वाढत होता. पुढे रोटालाच्या शेंड्यांवर हिरवे तंतू दिसू लागले. पाण्यात खत जास्त झाले आहे, द्रवखत बंद करा, असा सल्ला दुकानातून मिळाला आणि त्यानुसार खत थांबवले. तंतू कमी झाले नाहीत. उलट अनुबियासच्या जुन्या पानांवर घासूनही न निघणारे हिरवे ठिपके आले आणि ड्रिफ्टवुडच्या (सजावटीच्या लाकडाच्या) कडांवर व फिल्टरचे पाणी जिथून परत येते त्या नळीवर काळे झुपके उगवले. किटने मोजल्यास नायट्रेट ५ पीपीएमच्या (लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या) आसपास आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य येते. पाण्यात अन्न इतके कमी असताना शेवाळ कशावर जगते, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

निवळशंख

माहिती व्यवस्थित दिल्याबद्दल आभार. दोन गोष्टी कळल्या तर बरे होईल. ड्रॉप चेकर (पाण्यातील कार्बन डायऑक्साइड रंगाने दाखवणारे उपकरण: निळा म्हणजे कमी, हिरवा पुरेसा, पिवळा जास्त) लावला असल्यास त्याचा रंग दिवे लागताना कोणता असतो आणि दुपारी कोणता होतो? आणि फिल्टरचा प्रवाह टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो का? खालच्या पानांची हालचाल पाहून सांगावे.

पाणकणीस

दिवे लागताना ड्रॉप चेकर निळा असतो, दुपारी दोनच्या सुमारास हिरवा होतो आणि रात्री दिवे बंद होताना पिवळसर दिसतो. उजव्या कोपऱ्यातील क्रिप्टोकोरिनची पाने जवळपास स्थिर असतात. झुपके सर्वांत जास्त डाव्या बाजूला, म्हणजे प्रवाह जोरात आहे तिथे आहेत, याचा मात्र मला अर्थ लागत नाही.

निवळशंख

मग निदान बऱ्यापैकी सरळ आहे. उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

शेवाळाला अन्न किती लागते, यापासून सुरुवात करू. शेवाळाचा देह सूक्ष्म असतो, त्यामुळे त्याच्या आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग प्रचंड असतो आणि पाण्यातील अत्यल्प नायट्रेट-फॉस्फेटही ते सहज शोषून घेऊ शकते. आपल्या किटवर जे शून्य दिसते, ते शेवाळाच्या दृष्टीने शून्य नसते. रोटालासारख्या मोठ्या वनस्पतीची उपासमार मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. उपाशी वनस्पती जुन्या पानांतील नत्र, स्फुरद व पालाश काढून नव्या शेंड्यांकडे पाठवते, जुनी पाने कमजोर होतात, त्यांच्यातून सेंद्रिय द्रव्ये पाझरू लागतात आणि नेमक्या त्याच पानांवर शेवाळ बसते. खत बंद केल्याने शेवाळ उपाशी मरत नाही, तर त्याची स्पर्धक असलेली वनस्पती आधी गळपटते.

दुकानदाराचा सल्ला अगदी निराधार होता असेही म्हणता येणार नाही, कारण एके काळी जाणकारांचेही तेच मत होते. १९९६ साली पॉल सिअर्स आणि केविन कॉनलिन यांनी आपल्या टाक्यांवरील निरीक्षणांतून असे मांडले की, इतर सर्व पोषकद्रव्ये पुरेशी ठेवून फक्त फॉस्फेटचा तुटवडा राखला, तर वनस्पती शेवाळावर मात करतात. त्या काळात पोषकद्रव्ये मोजूनमापून घालण्याची शिस्त या छंदात त्यांच्यासारख्यांमुळे आली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण पुढे कॅलिफोर्नियातील टॉम बार यांनी वनस्पतींनी भरलेल्या, कार्बन डायऑक्साइड पुरेसा असलेल्या टाकीत मुद्दाम फॉस्फेट घातले आणि त्यामुळे शेवाळ येत नाही, हे दाखवून दिले. त्यातूनच त्यांची एस्टिमेटिव्ह इंडेक्स नावाची पद्धत रूढ झाली: खते गरजेपेक्षा किंचित जास्त घालायची आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा मर्यादेत ठेवायचा. फॉस्फेट म्हणजे शेवाळ हे समीकरण त्यामुळे मोडले, तरी आपल्याकडच्या दुकानांतून ते अजून सांगितले जाते.

आता दिव्याकडे वळू. प्रकाश हा या सगळ्याचा वेग ठरवतो. प्रकाश जितका तीव्र, तितकी वनस्पतीची कार्बनची मागणी जास्त, आणि कार्बनची मागणी जितकी जास्त, तितकी नत्र, स्फुरद, पालाश व लोहाची मागणी जास्त. १०० लिटरवर १०० वॅटचे एलईडी, तेही दहा तास, म्हणजे वनस्पतींना सतत पूर्ण वेगाने वाढायला भाग पाडणे होय. स्वस्त फ्लड लाईट छापील वॅटइतके देत नाहीत हे मान्य केले, तरी हा प्रकाश तुमच्या टाकीला जास्तच आहे. अनुबियास व क्रिप्टोकोरिन या मुळात सावलीतल्या वनस्पती आहेत. त्यांना एवढ्या उजेडाचा उपयोग नाही, त्यांच्या पानांवरील शेवाळाला मात्र आहे.

तिसरी आणि माझ्या मते तुमच्या टाकीतील सर्वांत मोठी अडचण म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे वेळापत्रक. ड्रॉप चेकर हे मंद उपकरण आहे. त्यातील द्रवाचा रंग पाण्यातील बदलाच्या तासा-दोन तासांनी बदलतो, त्यामुळे दोनला हिरवा दिसणारा रंग प्रत्यक्षात बाराच्या सुमाराची स्थिती सांगतो. तरीही दिवे लागल्यापासून पहिले दोनेक तास वनस्पतींना भरपूर प्रकाश आणि अपुरा कार्बन मिळतो, तर रात्री आठच्या सुमारास माशांना त्रास होण्याइतका तो साचतो. हवेच्या तुलनेत पाण्यात वायूंचे विसरण (आपोआप पसरणे) सुमारे दहा हजार पटींनी मंद असते, म्हणून पानाभोवतीच्या पाण्याच्या स्थिर थरातला कार्बन संपला की तो लगेच भरून येत नाही. पाण्यातील वनस्पतींची सगळी शर्यत इथेच हरली किंवा जिंकली जाते. वनस्पती दिलेल्या पातळीशी जुळवून घेऊ शकते, पण रोज वर-खाली होणाऱ्या पातळीशी तिला जुळवून घेता येत नाही. काळे झुपके अशाच टाक्यांत येतात, हा बहुतेक अनुभवी मंडळींचा अनुभव आहे. ते शेवाळ रंगाने काळे दिसले, तरी लाल शेवाळांच्या गटातले आहे. एक झुपका काढून स्पिरिटमध्ये बुडवून पाहा, तो लालसर होईल. प्रवाहात ते जास्त दिसते, कारण त्याला वाहत्या पाण्यातील कण व वायू पोहोचतात आणि त्याची पकड इतकी घट्ट असते की प्रवाहाने ते निघत नाही. डावीकडे झुपके आहेत म्हणून प्रवाह कमी करण्याची चूक मात्र करू नये. उजव्या कोपऱ्याला त्याची गरज आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी एक दिवा बंद करावा आणि उरलेल्याची वेळ सहा तासांवर आणावी. सोलेनॉइड वेगळ्या टाईमरवर घेऊन दिव्यांच्या दीड-दोन तास आधी सुरू करावा व दिवे बंद होण्याच्या तासभर आधी थांबवावा. फिल्टरच्या नळीची दिशा अशी करावी की, पाणी लांबच्या काचेवर आपटून खालून परत येईल. त्यानंतर खत पुन्हा सुरू करावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे प्रकाश तसाच ठेवून आधी खत वाढवले, तरी काही टाक्या सुधारतात, पण मग सिलिंडरचा एखादा बिघाडही महागात पडतो.

मातीवाली

निवळशंख यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण चर्चा पुन्हा सिलिंडर, टाईमर आणि खतांच्या बाटल्यांकडेच वळते, याची गंमत वाटते. प्लांटेड टँकवर लिहिणाऱ्या डायना वॉलस्टॅड यांच्या पद्धतीने मातीच्या थरावर वाळू अंथरून केलेल्या टाकीत यातले काही लागत नाही. मातीतील सेंद्रिय पदार्थांच्या विघटनातून कार्बन डायऑक्साइड मिळतो, मासे जे खातात त्यातूनच पोषण होते आणि प्रकाश मध्यम असल्याने शेवाळाला फार वाव राहत नाही. दुपारी दिवे तीन-चार तास बंद ठेवले, तर सकाळी वापरला गेलेला कार्बन त्या विश्रांतीत भरून येतो आणि संध्याकाळी पुन्हा दिवे लावता येतात. धागाकर्त्यांनी सिलिंडरच काढून टाकावा, असे मी म्हणत नाही; पण ज्यांनी अजून काही विकत घेतलेले नाही, त्यांनी हा पर्याय आधी पाहावा.

एक इशारा मात्र द्यायला हवा. आपल्याकडे मातीऐवजी नुसते गांडूळखत जाड थराने घालण्याची पद्धत पडली आहे. ते पुरेसे कुजलेले नसल्यास त्यातून अमोनिया सुटतो, पाणी हिरवे होते आणि मासेही दगावतात. बागेतील साधी माती मुख्य असावी, गांडूळखत त्यात थोडेसेच मिसळावे, आणि पहिल्या दिवसापासून टाकी झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींनी गच्च भरावी. हॉर्नवर्ट आणि हायग्रोफिला यांसाठी उत्तम. पृष्ठभागावर थोडी तरंगती वनस्पती ठेवली, तर ती हवेतून कार्बन घेते आणि अमोनिया-नायट्रेट पाण्यातून ओढते. शिवाय खाली सावली पडते. तिने निम्म्याहून अधिक पृष्ठभाग व्यापला की काढत राहावे. काढलेली तरंगती वनस्पती ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नये, वाळवून कुंडीत घालावी. जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले आहे, ते सगळ्यांनी पाहिलेच आहे.

निवळशंख

दुपारच्या विश्रांतीचा मुद्दा मातीच्या टाकीपुरता योग्य आहे. सिलिंडर असलेल्या टाकीत तिची गरज नसते आणि टाईमरचा गुंता मात्र वाढतो. तरंगत्या वनस्पतीच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन.

थेम्सकाठी, लंडन

फॉस्फेटच्या मुद्द्यावर इकडची एक गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये जुन्या घरांना अजूनही शिशाच्या नळांतून पाणी येते आणि ते शिसे पाण्यात विरघळू नये म्हणून पाणीपुरवठा कंपन्या पाण्यात मुद्दाम ऑर्थोफॉस्फेट घालतात. त्यामुळे आमच्या नळाच्या पाण्यातच लिटरमागे काही मिलिग्रॅम फॉस्फेट असते. शिवाय पाणी चुनखडकांतून येत असल्याने भरपूर जड असते. फॉस्फेटमुळे शेवाळ येत असते, तर लंडनमध्ये एकही प्लांटेड टँक स्वच्छ राहिला नसता. प्रत्यक्षात इथे अतिशय देखण्या टाक्या याच पाण्यावर चालतात. माझ्या टाकीत अनुबियासवर हिरवे ठिपके कधी आले नाहीत, याचे श्रेय मी माझ्या कौशल्यापेक्षा नळाच्या पाण्यातील फॉस्फेटला देतो.

द्राक्षबाग, नाशिक

खतांबद्दल मला थोडे सांगता येईल. लहान बाटल्यांतून महाग दराने जे विकले जाते, त्यातील बरेचसे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात किलोच्या पाकिटात मिळते. ठिबकमधून द्यायची १०० टक्के विद्राव्य खते मागावीत. पाकिटावरचे तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के असतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. पालाश वेगळे हवे असल्यास ०:०:५० आहे. आकड्यांचा घोळ होऊ नये म्हणून एवढे लक्षात ठेवावे की, पाकिटावरचा दुसरा आणि तिसरा आकडा शेतीच्या प्रथेप्रमाणे ऑक्साइडच्या रूपात दिलेला असतो, तर टाकीचे किट नायट्रेट व फॉस्फेट मोजते.

हिशोब करून देतो. ५० ग्रॅम १३:०:४५ अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवावे. त्यातले १० मिलिलिटर १०० लिटरच्या टाकीत घातल्यास नायट्रेट सुमारे ६ पीपीएमने वाढते. १० ग्रॅम ०:५२:३४ दुसऱ्या बाटलीत अर्ध्या लिटरमध्ये विरघळवावे. त्यातल्या ७ मिलिलिटरने फॉस्फेट सुमारे १ पीपीएमने वाढते. आठवड्यातून तीन वेळा असे दिले आणि आठवड्याच्या शेवटी निम्मे पाणी बदलले, तर धागाकर्त्यांच्या टाकीला ते भरपूर होईल. एका दिव्यावर कदाचित निम्मी मात्राही पुरेल.

आता जे वापरू नये ते. १९:१९:१९ घरात पडून आहे म्हणून कोणी टाकीत घालू नये, कारण त्यातील नत्राचा मोठा भाग युरिया व अमोनियाच्या रूपात असतो. १२:६१:० मध्येही नत्र अमोनियाचेच आहे. पिकाला ते चालते, माशाला चालत नाही, आणि टाकीत अमोनिया वाढला की शेवाळाचा उद्रेक ठरलेला. फवारणीची मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्येही टाळावीत, कारण ती पिकांच्या गरजेनुसार बनवलेली असल्याने त्यांत तांबे व जस्त कोळंबीला झेपणार नाही इतके असू शकते. लोहासाठी चिलेटेड फेरस (लोह विरघळलेले धरून ठेवणाऱ्या द्रव्यात बांधलेले) घ्यावे. बोअरवेलचे पाणी विम्ल (अल्कधर्मी) असते आणि ईडीटीएचे चिलेट पीएच साडेसहा-सातच्या वर लोह नीट धरून ठेवत नाही. त्यापेक्षा डीटीपीए बरे. ईडीडीएचए सर्वांत टिकाऊ, पण त्याने पाणी लालसर होते. लोह आणि फॉस्फेट एकाच दिवशी देऊ नये, एकाच बाटलीत तर मुळीच मिसळू नये. दोन्ही एकत्र आले की साका बनून तळाला बसतो.

पाणकणीस

द्राक्षबाग यांच्या हिशोबाबद्दल मनःपूर्वक आभार. एक दिवा बंद केला आहे, सोलेनॉइडला वेगळा टाईमर लावला आहे आणि आजपासून खत सुरू करतो. आता आधीच वाढलेल्या झुपक्यांचे काय करावे? हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल बरेच वाचले आहे, पण मात्रा प्रत्येक ठिकाणी वेगळी दिलेली आढळते.

निवळशंख

मात्रा वेगळी दिसते याचे एक कारण फार कमी लोक लक्षात घेतात. अमेरिकेतील लेखांत ३ टक्क्यांचे पेरॉक्साइड गृहीत धरलेले असते, तर आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारे आयपी (इंडियन फार्माकोपिया) दर्जाचे द्रावण सहसा २० व्हॉल्यूमचे, म्हणजे ६ टक्क्यांचे असते. तिकडची मात्रा इकडे तशीच वापरली की दुप्पट पडते. बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

तुमच्या १०० लिटरसाठी ६ टक्क्यांचे १५ ते २० मिलिलिटर ही एका वेळची कमाल मर्यादा समजावी. फिल्टर बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे, सिरिंजला बारीक नळी जोडून द्रावण हळूहळू थेट झुपक्यांवर सोडावे, दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर पुन्हा सुरू करावा आणि रोज थोडा थोडा भाग घ्यावा. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी व ऑक्सिजनच होते, त्यामुळे अवशेष राहत नाही. झुपके काही दिवसांत गुलाबी, मग पांढरे पडतात आणि मग मासे व कोळंबी ते खातात. मॉस आणि व्हॅलिस्नेरियाला ते सोसत नाही, म्हणून तिकडे सिरिंज नेऊ नये. ड्रिफ्टवुड सुटे असल्यास बाहेर काढून त्यावरच द्रावण लावणे अधिक चांगले. अनुबियासची ठिपके पडलेली जुनी पाने कापून टाकावीत. ती पुन्हा सुंदर होणार नाहीत. तंतूंसाठी जुना टूथब्रश पुरेसा आहे: तंतूंत घालून शेवया गुंडाळल्यासारखा फिरवावा आणि ओढून काढावा. हे सगळे पाणी बदलण्याच्या दिवशीच करावे, म्हणजे सुटलेले तुकडे व बीजाणू लगेच बाहेर जातील.

खेकडा

पेरॉक्साइडऐवजी ग्लुटाराल्डिहाइड का वापरू नये? द्रव कार्बन म्हणून तेच विकले जाते आणि रुग्णालयांत वापरायचे जंतुनाशक द्रावण त्या मानाने फार स्वस्त मिळते.

मातीवाली

मी प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने डोळे व श्वसनमार्ग चुरचुरतात आणि वारंवार संपर्क आल्यास दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो. रुग्णालयात ते हवेशीर जागी, हातमोजे घालून हाताळले जाते. घरातल्या बैठकीच्या खोलीत, मुलांच्या हाताशी येईल असे ते ठेवावे, इतके आपले शेवाळ महत्त्वाचे नाही. आणि त्याचा काळ्या झुपक्यांवर जो परिणाम दिसतो, तो ते जंतुनाशक आहे म्हणून. त्याला कार्बन म्हणणे ही विक्रीची भाषा झाली.

वैदर्भीय, नागपूर

उन्हाळ्याचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणजे इथे बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची दिसतात. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतल्या टाकीचे पाणी सहज ३२-३३ अंशांवर जाते. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतात. २५ अंशांना लिटरमध्ये साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच आहे. त्याच वेळी वनस्पती, मासे व जिवाणू सर्वांचे श्वसन वाढते. म्हणजे हिवाळ्यात बेतलेली बुडबुड्यांची गती उन्हाळ्यात वनस्पतींना अपुरी आणि माशांना जास्त, अशा दोन्ही बाजूंनी चुकते. म्हणून एप्रिल ते जून मी प्रकाश कमी करतो, सिलिंडरची मात्राही उतरवतो आणि वाढ मंदावली तरी चालवून घेतो. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे पंखे लावले, तर कोरड्या हवेमुळे तापमान काही अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत तेवढा लाभ होणार नाही. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे. बोअरवेलचे पाणी भरत गेल्यास क्षार मागे राहतात आणि महिन्याभरात टाकीतील पाणी ओळखू येणार नाही इतके जड होते.

दुसरे म्हणजे वीजकपात. दुपारी काही तास वीज गेली की कॅनिस्टरमधील पाणी थांबते, आतील जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही आणि वीज आल्यावर तेच पाणी टाकीत येते. कपात लांबल्यास फिल्टर उघडून ते पाणी फेकून द्यावे आणि मगच फिल्टर सुरू करावा. इन्व्हर्टर असेल, तर त्यावर फिल्टर घ्यावा, दिवे घेऊ नयेत.

पाणकणीस

उजव्या कोपऱ्यात वाळूच्या काचेलगतच्या भागावर निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा दिसतो. हाताने ओढल्यास एकसंध निघतो आणि त्याला दलदलीसारखा उग्र वास येतो. हेही शेवाळच का?

निवळशंख

दिसायला शेवाळ, पण प्रत्यक्षात ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. नायट्रेट अगदी कमी आणि पाणी स्थिर अशा जागी ते पसरतात, आणि तुमच्या त्या कोपऱ्यात दोन्ही आहे. सायफनने पापुद्रा ओढून घ्यावा, काचेलगतची वाळू थोडी हलवून स्वच्छ करावी, बाहेरून येणारा उजेड तिथे पडत असल्यास काचेला कागद लावावा. प्रवाह पोहोचला आणि नायट्रेट १० ते २० पीपीएमवर आले की बहुधा तेवढ्यावर भागते. न भागल्यास तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधार करावा. त्या काळात सिलिंडर बंद आणि हवेचा पंप चालू ठेवावा, अन्यथा अंधारात ऑक्सिजन कमी पडतो. एरिथ्रोमायसिन घालण्याचा सल्ला कोणी देईल. ते परिणामकारक असते, पण माणसांसाठीचे प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणून काचेच्या टाकीत ओतणे आणि ते पाणी गटारात सोडणे मला योग्य वाटत नाही.

खेकडा

शेवाळ खाणारे मासे ठेवले, तर हे सगळे टळणार नाही का? दुकानात सकर नावाने मिळतो तो टाकी साफ ठेवतो, असे म्हणतात.

थेम्सकाठी

तो सकर लहानपणी थोडेफार शेवाळ खातो, मोठेपणी टाकी घाण करतो. तो फूटभराहून मोठा होतो, भरपूर विष्ठा टाकतो, वनस्पती उपटतो आणि शेवटी कंटाळून कोणीतरी त्याला नदीत सोडून देते. भारतातील अनेक नद्या-तलावांत हा दक्षिण अमेरिकी मासा याच वाटेने पसरला आहे.

काळे झुपके खाणारा मासा म्हणजे सायमीज अल्गी ईटर, पण त्याच्या नावाखाली भलतेच मासे विकले जातात. खऱ्या माशाच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जातो. पट्टा शेपटीपूर्वीच थांबत असेल किंवा तोंड काचेला चिकटणारे चूषक असेल, तर घेऊ नये. तो दुसरा, चायनीज नावाचा मासा मोठेपणी इतर माशांच्या अंगालाच चिकटू लागतो. सायमीजही पाच-सहा इंचांचा होतो, तेव्हा १०० लिटरला एखादाच पुरे. तंतूंसाठी अमानो कोळंबीइतके चांगले काही नाही. जपानचे प्लांटेड टँक रचनाकार ताकाशी अमानो यांच्यामुळे ती या छंदात आली. तिच्या पिल्लांना खारट पाणी लागत असल्याने ती टाकीत वाढत नाही, प्रत्येक वेळी विकत घ्यावी लागते. ठिपक्यांसाठी नेराइट गोगलगाय बरी, फक्त तिची पांढरी अंडी लाकडावर चिकटलेली चालली पाहिजेत. यांपैकी कोणीही जास्त प्रकाशावर उपाय नाही.

पाणकणीस

आतापर्यंतची स्थिती कळवतो. तंतू नव्या शेंड्यांवर येणे थांबले आहे. रोटालाची नवी पाने पूर्वीपेक्षा रुंद आहेत, मात्र लाली कमी झाली आहे. पेरॉक्साइड दिलेले झुपके पांढरे पडले. नळीवर एक-दोन नवे दिसतात. अनुबियासच्या नव्या पानावर अजून ठिपका नाही. एक शंका उरते: बोअरवेल व महापालिकेच्या पाण्याचे प्रमाण सतत बदलत असताना कार्बन डायऑक्साइड पुरेसा आहे, हे नक्की कसे ओळखावे? केएच (पाण्यातील कार्बोनेट क्षारांचे माप) आणि पीएच यांच्या तक्त्याने दर आठवड्याला वेगळेच उत्तर येते.

निवळशंख

तो तक्ता तुमच्या पाण्यासाठी बाजूला ठेवावा. टाकीतील पाणी पेल्यात घेऊन चोवीस तास उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील जादा कार्बन डायऑक्साइड उडून जाईल, आणि मग त्याचा पीएच मोजावा. दिवे लागण्याच्या वेळी टाकीतला पीएच त्यापेक्षा साधारण एक अंकाने कमी असायला हवा. एक अंक म्हणजे दहापट कार्बन डायऑक्साइड.  पाणी हलके असो वा जड, फरक तोच धरता येतो. ड्रॉप चेकरमध्ये मात्र ४ केएचचे तयार द्रावणच भरावे, टाकीचे पाणी भरू नये. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, तर उपकरणे काय सांगतात ते न पाहता मात्रा लगेच उतरवावी.

रोटालाची लाली प्रकाशावर अवलंबून असते, त्यामुळे एका दिव्यात ती थोडी उतरणारच. दुसरा दिवा परत लावण्यापेक्षा आहे त्याच दिव्याची वेळ दर दोन आठवड्यांनी अर्ध्या तासाने वाढवत आठ तासांपर्यंत न्यावी आणि नळीवर पुन्हा झुपके वाढू लागले की एक पायरी मागे यावे. पावसाळ्यात महापालिकेचे पाणी गढूळ येते, तेव्हा पाणी बदलण्याआधी ते रात्रभर साठवून निवळू द्यावे आणि क्लोरीन काढणारे औषध घालायला विसरू नये. नळीवरचे ते एक-दोन झुपके या आठवड्यात नळी बाहेर काढून घासून टाकावेत.